एका पायावरून ओळख

[दृश्य: परळ, जुन्या इमारतीची गच्ची. सकाळ.]

टाकीचं झाकण सरकतं. पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस शिडीवरून वाकून लांब दांड्याची पळी बुडवतो आणि उन्हात तिरकी धरतो.

"ही बघा, आडवी पडलीय."

डेंग्यूच्या डासाची अळी डोकं खाली करून लोंबते. ही पाण्याला लागून आडवी तरंगतेय, म्हणजे अ‍ॅनॉफिलिस. हिवतापाचं घराणं. घराणं कळलं, पण त्यातलं नेमकं कोण?

मुंबईत पहिला संशय स्टीफेन्सीवर. त्याला गटार नको. विहीर, टाकी, बांधकामाच्या तळघरात साचलेलं पाणी, असं काहीतरी हवं. 1911 च्या अहवालात हिवतापाचे अभ्यासक चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या विहिरींकडेच बोट दाखवलं होतं. पुढे विहिरी बुजल्या, टाक्या गच्चीवर गेल्या. डासही जिने चढला.

धडधाकट स्टीफेन्सी भिंगाखाली पायांवरच्या ठिपक्यांवरूनही ओळखता येतो. सापळ्यातले डास मात्र खवले झडलेले, पंख फाटलेले. आणि काही जाती भिंगालाही दाद देत नाहीत. खेडोपाडी आढळणारा क्युलिसिफेसीज घ्या. नाव एक, आत पाच जाती: ए, बी, सी, डी, ई. दिसायला हुबेहूब. भारतात 'बी'चा हिवतापातला वाटा नगण्य. खरे वाहक बाकीचे. पूर्वी ही ओळख गुणसूत्रांवरून पटवत. त्यासाठी अंडी अर्धवट वाढलेली मादीच लागे. नर बाद, वाळलेला डास बाद.

आता एक पाय पुरतो.

[दृश्य: प्रयोगशाळा. चिमटा, नळी.]

बाटलीतून आणलेल्या अळ्यांचे जाळीखाली डास झालेत. एकाचा पाय मोडून नळीत कुस्करला जातो. पीसीआर यंत्र त्याच्या डीएनएतला आयटीएस-टू हा ठरावीक तुकडा, तापवून-निववून, लाखो पटींनी वाढवतं. या तुकड्याची लांबी किंवा डीएनएच्या अक्षरांचा क्रम बहुतेक जातींत वेगळा. मग वीज सोडलेल्या जेलच्या थरात आखूड तुकडे पुढे सरकतात, लांब मागे रेंगाळतात. एवढ्या खटाटोपानंतर दिसतात त्या चार चमकत्या रेघा. पण त्या पुरतात.

स्टीफेन्सी आफ्रिकेच्या शिंगात, म्हणजे ईशान्य आफ्रिकेच्या टोकाला, पहिल्यांदा सापडला 2012 मध्ये, जिबूतीत. 2016 मध्ये इथिओपियात पकडलेल्या डासांवर डीएनएनेच शिक्का मारला: आपल्याच गच्चीवरचा गडी.

इथे नळीवर चिठ्ठी लागते: परळ, गच्चीवरची टाकी, तारीख. उरलेला डास टाचणीवर, पेटीत. पाच पायांचा.