मूल शाळेत येणार नसेल तेव्हा

परिपाठ संपला की वर्गशिक्षक हजेरी घेतात आणि फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर असे दोन आकडे लिहिले जातात. त्या दिवशी पोषण आहार किती मुलांसाठी शिजवायचा हे हजर मुलांच्या संख्येवरून ठरते, महिन्याची सरासरी उपस्थितीही याच नोंदींतून निघते, आणि एखादे मूल शाळेपासून तुटू लागले असेल तर त्याची पहिली खूण याच हजेरीपत्रकात उमटते. ते मूल का आले नाही, हे मात्र पालकांनी सांगितल्याशिवाय शाळेला कळत नाही.

मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड करण्याची पद्धत आपल्याकडे एके काळी होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि 1906 मध्ये ते संस्थानभर लागू केले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणाबाहेर ठेवले गेले होते, त्याच्या मुलांना शाळेत आणण्यासाठी त्या काळी ही कठोरता आवश्यक होती.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याची दिशा वेगळी आहे. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे हा कायदा कलम 10 मध्ये सांगतो, परंतु त्यासाठी पालकांना दंड सांगत नाही. मुलांचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होणे यांची जबाबदारी तो शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकतो. कलम 24 नुसार पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाच्या उपस्थितीची माहिती त्यांना देणे हे शिक्षकांचे काम आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि परतलेल्या मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे यालाही कायद्याने मनाई आहे.

हे पालकांना स्पष्ट सांगण्याची गरज आहे, कारण अनेक घरांत चार दिवसांची गैरहजेरी आठवड्यावर जाते ती केवळ गुरुजी रागावतील या भीतीने. पालक घाबरतात अशा शाळेला गैरहजेरीचे खरे कारण कधीच कळत नाही. म्हणून कळवायला आलेल्या आईला किंवा वडिलांना आधी बसायला सांगावे, त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि बुडालेल्या अभ्यासाचे नंतर पाहावे, हेच शाळेच्या हिताचे आहे.

कळवण्याची रीत साधी आहे. वर्गशिक्षकांच्या नावे लिहिलेल्या अर्जात मुलाचे नाव, इयत्ता व तुकडी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येणार नाही ते, कारण आणि पालकाची सही एवढे पुरते. लिहिता येत नसेल तर फोन करावा किंवा शेजारच्या मुलाबरोबर निरोप पाठवावा. गोवर, कांजिण्या किंवा गालगुंड असेल तर मात्र त्याच दिवशी कळवावे, कारण तेथे वर्गातील इतर मुलांचाही प्रश्न असतो. दहावी आणि बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी आणखी एक काळजी घ्यावी. राज्य मंडळाच्या परीक्षेस बसण्यासाठी 75 टक्के उपस्थितीची अट आहे. त्यामुळे दीर्घ आजारात डॉक्टरांचे कागद त्या त्या वेळीच शाळेत द्यावेत, फेब्रुवारीत शोधाशोध करू नये.

परंतु कळवण्याचे मोल खऱ्या अर्थाने दिसते ते बीडसारख्या जिल्ह्यात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी, अनेकदा मुलांना बरोबर घेऊन, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि सहावी ते आठवीसाठी किमान 220 दिवस शाळा भरावी असे कायदा म्हणतो. त्यांतला मोठा भाग या मुलांचा उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत धाकट्या भावंडांना सांभाळण्यात जातो. एरवी गैरहजेरी अचानक येते, ही मात्र सगळ्यांना आधीपासून माहीत असते. म्हणूनच ती टाळता येण्यासारखी आहे.

त्यासाठी दोन वाटा आहेत. आजी-आजोबा किंवा नातेवाईक गावात असतील तर मूल त्यांच्याकडे राहू शकते आणि हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून त्याच्या जेवणाची सोय होऊ शकते. मूल बरोबर न्यायचेच असेल तर मूळ शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. ते कार्ड पाहून कारखान्याच्या परिसरातील शाळेला मुलाची इयत्ता आणि प्रगती कळते आणि त्याला वर्गात बसवून घेता येते. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून त्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. यातली कोणतीही वाट घ्यायची तरी निघण्यापूर्वी शाळेत जाऊन सांगावे लागते. ट्रक भरून गेल्यावर, कोण कोणत्या कारखान्याला गेले हे शोधत फिरण्यात शिक्षकांचे आठवडे जातात, आणि तेवढ्यात मुलाच्या हाती कोयता येऊ शकतो.

सबब दिवाळीच्या सुट्टीपूर्वी होणाऱ्या पालक सभेत शाळा व्यवस्थापन समितीने हा विषय पहिला घ्यावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि कोणते घर कोणत्या मुकादमाबरोबर निघणार आहे हे त्यांना शिक्षकांच्या आधी ठाऊक असते. त्या घरांची यादी मुख्याध्यापकांकडे वेळेत पोहोचली, तर वसतिगृहासाठी मुलांची नावे देता येतात आणि कार्डेही लिहून तयार ठेवता येतात. जाणाऱ्या पालकांनी आपला फोन नंबर शाळेत द्यावा, आणि त्याबरोबर गावात मागे राहणाऱ्या आजीचा किंवा चुलत्यांचाही द्यावा; फडावरचा फोन अनेकदा लागत नाही.