गरोदरपणातली साखर आणि चाळणीत राहिलेला कोंडा

श्रोतेहो, नमस्कार.

गरोदरपणाचा सहावा महिना लागतो. दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात, दोन तासांनी रक्त घेतात, आणि आकडा १४० किंवा त्याच्या वर आला की कागदावर ‘जीडीएम’ अशी तीन अक्षरं पडतात. म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. त्या दिवसापासून घरातल्या स्वयंपाकाचा ताबा सल्ले घेतात. भात बंद, पोळी अर्धी, सकाळी मेथ्यांचं पाणी, दुपारी नाचणीचं सत्त्व, रात्री इसबगोल. यातलं निम्मं निरुपयोगी आहे आणि थोडं चक्क उलटं काम करणारं आहे.

मुळात होतं काय, ते थोडक्यात. बाळाच्या वारेतून जी संप्रेरकं निघतात, त्यांच्यामुळे आईच्या इन्सुलिनचा जोर कमी पडतो. चोविसाव्या आठवड्यानंतर हा विरोध झपाट्याने वाढतो. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ निभावतं. काहींचं तेवढं पुरं पडत नाही आणि साखर वर जाते. ती वारेतून बाळापर्यंत पोचते, बाळाचं इन्सुलिन वाढतं आणि बाळ वाजवीपेक्षा मोठं होऊ लागतं. म्हणून आकडे जपायचे असतात: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत.

चोथ्याचा, म्हणजे तंतुमय भागाचा, उपयोग आहे तो यातल्या दुसऱ्या आकड्यासाठी. उपाशीपोटीची साखर रात्रभर यकृत सोडत असतं. तिच्यावर भाजीचा फारसा इलाज चालत नाही. ती सतत ९५ च्या वर राहत असेल तर ताटात आणखी पालेभाजी वाढवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

जेवणानंतरच्या साखरेवर चोथा दोन प्रकारे काम करतो. गवार, भेंडी, ओट्स, डाळी यांतला विरघळणारा चोथा पोटात बुळबुळीत होतो; अन्न जठरातून हळू पुढे सरकतं आणि पिष्टाची साखर सावकाश रक्तात उतरते. दुसरा प्रकार दाण्याच्या रचनेतच असतो. अख्ख्या मटकीत किंवा हरभऱ्यात पिष्ट पेशींच्या भिंतींआड बंद असतं, पाचकरसांना तिथे पोचायला वेळ लागतो. दाणा बारीक दळला, वाटला, गाळला की ती भिंत मोडते. म्हणून तोच हरभरा उसळीत वेगळा वागतो आणि बारीक बेसनाच्या पातळ कढीत वेगळा.

आता नाचणीकडे या. नाचणीच्या १०० ग्रॅम दाण्यात ११ ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, हे खरं. पण सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, वाटतो, फडक्यातून गाळतो आणि वरचा चोथा टाकून खाली बसलेलं पांढरं पिष्ट वाळवतो. मग ते पाण्यात शिजवून पातळ पितो. जे हवं होतं ते फडक्यात राहिलं आणि पोटात गेलं ते सर्वांत लवकर पचणारं. वर गूळ घातला तर विचारायलाच नको; गुळाने साखर वाढत नाही हा समज महाराष्ट्रात फार घट्ट आहे, पण ग्लुकोमीटरला तो मान्य नाही. नाचणी खायची तर न चाळलेल्या पिठाची भाकरी करा, सोबत उसळ घ्या.

पिठाचंही तसंच. गव्हाच्या कणकेत १०० ग्रॅमला साधारण ११ ग्रॅम चोथा असतो, पण तो कोंड्यासकट. पोळी मऊ लुसलुशीत व्हावी म्हणून बारीक चाळणीतून पीठ काढलं की वर राहतो तो कोंडा गाईच्या टोपल्यात जातो. गिरणीत दळण देताना थोडं जाडसर दळायला सांगा आणि घरी मोठ्या भोकांच्या चाळणीने फक्त खडे-कचरा काढा. पोळी जरा खरबरीत होईल. कणीक कोमट पाण्याने सैलसर मळून अर्धा तास झाकून ठेवली तर लाटताना फाटत नाही.

भाकरी चांगली, पण भाकरी म्हणजे केवढी? ज्वारीच्या ३० ग्रॅम पिठाची छोटी भाकरी वीस ग्रॅम कर्बोदकं देते आणि तीन ग्रॅम चोथा. तव्याएवढ्या मोठ्या भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ सहज लागतं. ‘मी एकच भाकरी खाल्ली’ यातल्या त्या ‘एक’ला काही अर्थ नाही. किराणा मालाच्या छोट्या काट्यावर एकदा पीठ तोलून बघा, मग हाताला अंदाज येतो.

सगळ्यांत अवघड जेवण सकाळचं. पहाटेपासून शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं चढलेली असतात, इन्सुलिनचा प्रभाव तेव्हा कमी असतो. नेमक्या त्याच वेळी आपण पोहे खातो. बशीभर पोह्यांना कोरडे ६० ग्रॅम पोहे धरा: कर्बोदकं ४५ ग्रॅमच्या आसपास, चोथा जेमतेम दोन ग्रॅम. जी बाई दुपारी दोन भाकऱ्या पचवून ११० वर राहते, तिची साखर सकाळच्या पोह्यांनी १५० च्या पुढे जाऊ शकते, आणि मग तिला वाटतं की मीटर बिघडलंय.

त्याऐवजी सालासकट मुगाची धिरडी करून बघा. अख्खे हिरवे मूग ४० ग्रॅम रात्री भिजत घाला. सकाळी आलं, मिरची, जिरं घालून रवाळ वाटा, अगदी गंधासारखे नको. त्यात मूठभर किसलेला दुधी आणि कोथिंबीर. यातून कर्बोदकं साधारण १८ ग्रॅम मिळतात, चोथा सहा-सात ग्रॅम, प्रथिनं नऊ ग्रॅम. पोहेच हवे असतील तर पोहे ३० ग्रॅमवर आणा आणि उरलेली जागा शिजवलेली मटकी, वाटाणा, कांदा, शेंगदाणे यांनी भरा. मोड आलेली कडधान्यं गरोदरपणात कच्ची खाऊ नका; मोड येतात त्याच ओलाव्यात आणि उबेत जंतूही वाढतात. नीट शिजवूनच घ्या.

उपवास हा वेगळा विषय आहे, पण चतुर्थी-एकादशीला साबुदाणा येतोच. साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळपास काही नसतं. शेंगदाण्याच्या कुटाने थोडा आधार मिळतो, पुरेसा नाही. उपवास मोडवत नसेल तर राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची किंवा भेंडीची भाजी, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, ताक. दिवसभर निराहार तर मुळीच राहू नका.

दिवसाला चोथा किती हवा? २८ ते ३० ग्रॅम. ऐकायला खूप वाटतं, पण मुगाची धिरडी, मधल्या वेळी अर्धा मोठा पेरू, दुपारी दोन छोट्या भाकऱ्या, गवारीची भाजी आणि ३० ग्रॅम मटकीची उसळ, एवढ्यातच तो पल्ला जवळपास गाठला जातो. संध्याकाळचे फुटाणे आणि रात्रीची पालेभाजी अजून बाकीच आहे. पेरू चावून खायचा; रस काढून नाही. आणि ‘डायजेस्टिव्ह’, ‘मल्टिग्रेन’ असं लिहिलेली बिस्किटं पुडा उलटा करून वाचा: पहिल्या दोन-तीन घटकांत मैदा आणि साखर असेल तर पुढच्या धान्यांची नावं शोभेची आहेत.

चोथा एकदम वाढवला की पोट फुगतं, वायू होतो, आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून चार दिवसांत सगळं सोडून दिलं जातं. आज उसळ सुरू करा, तीन-चार दिवसांनी कोशिंबीर वाढवा, मग न चाळलेल्या पिठावर या. पाणी दिवसाला आठ-दहा पेले. पाणी कमी पडलं तर चोथ्याने बद्धकोष्ठ उलट वाढतं, आणि लोहाच्या गोळीने ते आधीच झालेलं असतं.

इसबगोल घ्यायला डॉक्टरांची हरकत नसेल तर एक चहाचा चमचा, पूर्ण पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच. तो औषधं धरून ठेवतो, म्हणून थायरॉइडच्या किंवा इतर कोणत्याही गोळीपासून दोन तास लांब ठेवा. लोहाची गोळीसुद्धा कोंड्याच्या जेवणाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. मेथीची भाजी हवी तेवढी खा. मेथीदाणे मात्र फोडणीपुरतेच. चमचे-चमचे मेथ्या भिजवून खाणं गरोदरपणात टाळलेलं बरं.

ताटात काय आहे याइतकंच आधी काय खाता हेही बघा. आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ, शेवटी भाकरी किंवा छोटी वाटी भात. त्याच जेवणाची साखर त्यामुळे कमी उंच जाते. खात्री करायची तर एकच जेवण दोन दिवस घ्या, फक्त क्रम बदला. तपासायची दोन तासांची वेळ पहिल्या घासापासून मोजायची, ताट उचलल्यापासून नाही. साबणाने हात धुऊन कोरडे करा. बोटाला आंब्याचा रस लागलेला असला तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतं. बोटाच्या टोकाच्या कडेला टोचा, पिळू नका.

आकडा खाली आणायच्या नादात धान्यच बंद करणाऱ्याही असतात. साखर छान दिसते, पण शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून निघणारी कीटोन नावाची आम्लं रक्तात वाढतात, वजन उतरतं. दिवसाला कर्बोदकं १७५ ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. तीन जेवणं आणि दोन-तीन छोट्या खाण्यांत ती वाटून घ्या.

असं दोन आठवडे नीट खाऊनही जेवणानंतरचा आकडा १२० च्या आत येत नसेल, तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन लागतं. त्यात स्वयंपाक करणारीचाही दोष नाही आणि खाणारीचाही. वारेचा जोर जास्त आहे एवढंच. गोळी किंवा इंजेक्शन सुरू झालं म्हणून खाणं मात्र सैल सोडायचं नाही, आणि इन्सुलिनचा डोस ठरल्यावर जेवणाची वेळ चुकवायची नाही, नाहीतर साखर एकदम उतरते. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या वेळी चोथ्याचा विचार करू नका: तीन चहाचे चमचे साखर पेलाभर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि मग काहीतरी जेवा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते. डिंकाच्या लाडवांच्या धामधुमीत ती राहून जाते, म्हणून तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. नमस्कार.