दोन उमेदवार, बारा चित्रे

लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात एका विणकर मालकाकडे दोन मुले उमेदवारी करत आहेत. उजवीकडचा फ्रान्सिस गुडचाइल्ड मान खाली घालून मागावर बसला आहे, तर डावीकडचा टॉम आयडल मागाच्या खांबाला टेकून उभ्याउभ्याच पेंगतो आहे. त्याच्या धोट्याशी मांजर खेळते आहे आणि दारात मालक काठी घेऊन उभा आहे. चित्राभोवतीची चौकट निरखून पाहिली, तर टॉमच्या बाजूला चाबूक, बेड्या आणि फासाचा दोर आढळतो, फ्रान्सिसच्या बाजूला राजदंड, तलवार आणि सोन्याची साखळी. बारा चित्रांच्या मालिकेचा निकाल पहिल्याच चित्रात लागलेला आहे.

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने ही मालिका, ‘इंडस्ट्री अँड आयडलनेस’ (उद्योग आणि आळस), १७४७ मध्ये प्रसिद्ध केली. दोनच वर्षांपूर्वी, श्रीमंतांच्या सौदेबाज लग्नांची टर उडवणाऱ्या ‘मॅरेज अ-ला-मोड’च्या सहा चित्रांसाठी त्याने कोरीवकामाला फ्रेंच कारागीर लावले होते आणि संचाची किंमत एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, ठेवली होती. या बारा चित्रांना मात्र १२ शिलिंगच पडत. ती तांब्याच्या पत्र्यावर मुद्दाम साध्या, ठसठशीत रेषांत कोरलेली होती, कारण ती तरुण पोरांच्या हाती पडावीत हा हेतू होता.

पुढे फ्रान्सिस चर्चमध्ये मालकाच्या मुलीशेजारी उभा राहून स्तोत्र गातो, तेव्हा टॉम बाहेर थडग्यावर जुगार मांडून बसलेला असतो. एक मालकाचा जावई होतो, दुसरा चोर. (खुद्द होगार्थने चांदीवरील नक्षीकामाची उमेदवारी अर्धवट सोडली होती, आणि ज्यांच्या चित्रशाळेत तो शिकला त्या जेम्स थॉर्नहिल यांच्या मुलीशी त्यांच्या संमतीवाचून लग्न केले होते.) फ्रान्सिसच्या चित्रांत उपदेश भरपूर असला, तरी जीव टॉमच्या चित्रांतच अधिक आहे.

अकराव्या चित्रात टॉमला टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, नेत आहेत. शवपेटीला पाठ लावून तो गाडीत बसला आहे, दूरवर वधस्तंभावर आडवा झालेला जल्लाद पाइप ओढतो आहे, आणि अगदी पुढे, तान्हे मूल घेतलेली एक बाई ‘टॉमस आयडलचे अखेरचे भाषण व कबुलीजबाब’ हे पत्रक ओरडून विकते आहे. टॉम अजून जिवंत आहे.

शेवटच्या चित्रात लॉर्ड मेयर, म्हणजे लंडनचा महापौर, झालेल्या फ्रान्सिसचा रथ उसळलेल्या गर्दीतून जातो, आणि उजव्या कोपऱ्यात एक पोरगा नवे पत्रक विकायला उभा आहे: टॉमस आयडलच्या भुताची संपूर्ण व खरी हकीकत.