स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन रोबोटनं करायचं का?

नमस्कार मंडळी. परभणी, हिंगोली, बीडकडून माणसं आईला घेऊन मोठ्या शहरात जातात. तिथं कुणीतरी सांगतं, "रोबोटनं करून घ्या, व्रण दिसणार नाही." खर्च जास्त. मग रात्रभर पाहुण्यारावळ्यांना फोन.

रोबोट आपल्या मनानं कापत नाही बरं का. सर्जन बाजूच्या कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलाशी, बसून तो चालवतो. काखेजवळ लहानसा छेद घेतात, आत जागा व्हावी म्हणून सहसा कार्बन डायऑक्साइड भरतात आणि वरची कातडी, स्तनाग्र ठेवून आतला भाग काढतात. व्रण झाकला जातो, हे खरंच.

पण कॅन्सर परत येतो का? 28 फेब्रुवारी 2019 ला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, बजावलं, की स्तनाच्या कॅन्सरसाठी रोबोट सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं सिद्ध झालेलं नाही. 2021 मध्ये पुन्हा तेच सांगितलं. या यंत्रांची तपासणी बहुतेक 30 दिवसांतल्या गुंतागुंतीपुरती झालेली. महिनाभरात जखम भरते हो, कॅन्सरचा हिशोब वर्षांचा असतो.

ही भीती हवेतली नव्हती. 2018 मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास आला. दुर्बिणीनं किंवा रोबोटनं ऑपरेशन झालेल्यांपैकी तीन वर्षांनी सुमारे 94 टक्के बायका हयात होत्या, पोट उघडून केलेल्यांत 99 टक्के. अवयव वेगळा आहे, तिथला आकडा इथं लावू नका. पण छेद लहान म्हणजे धोका कमी, हे गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडं बऱ्याच जणी उशिरा येतात. गाठ कातडीला चिकटली असेल, तर कातडी वाचवणारं ऑपरेशन बसतच नाही. आणि गाठ लहान असेल, तर नुसती गाठ काढून शेक (रेडिएशन) देता येतो, स्तन राहतो. वीस वर्षं पाठपुरावा केलेले अभ्यास 2002 मध्ये आले, पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच या बायका जगल्या. याला रोबोट लागत नाही. माझं मत विचाराल तर आधी हे विचारा.

तरी रोबोटच सुचवला, तर डॉक्टरांना विचारा: स्तनाची अशी किती ऑपरेशनं तुम्ही केलीत? मध्येच नेहमीच्या पद्धतीवर यावं लागलं तर बिल किती? आणि ड्रेनची नळी, म्हणजे जखमेत साचलेलं पाणी बाहेर काढणारी, रोबोटनं करा की नेहमीच्या पद्धतीनं, बहुधा लागतेच. ती लावून एसटीनं जिंतूरला यायचं असेल, तर गावाजवळ ती कोण काढणार, हे दवाखान्यातून सुट्टी घेण्याआधीच लिहून घ्या.