आच मंद, झाकण घट्ट

डोंबिवलीतलं हे दोन खोल्यांचं घर. माणसं पाच, डबे तीन. गॅस अजून पेटलेला नाही, पण स्वयंपाक कालच सुरू झालाय. ही चवळी काकूंनी रात्री भिजत घातली होती. दाणा टपोरा फुगलाय, नखाने दाबला की तुटतो. तूरडाळ आणि तांदूळ धुऊन ठेवलेत. आंघोळी उरकेपर्यंत तेही भिजतील. भिजलेलं धान्य लवकर शिजतं. जे काम पाण्याने फुकट केलं, त्याला गॅस लागत नाही.

(दृश्य: कुकर भरताना)

खाली डाळ, मधे चवळी, वर भात. एकच कुकर, एकच शेगडी. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांना उकळतं. मग आच कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही, नुसतं आटतं. कुकरमध्ये दाब वाढतो आणि तेच पाणी साधारण १२० अंशांपर्यंत जातं.

पहिली शिट्टी! काकूंचा हात बघा, लगेच बटणावर गेला. ज्योत अगदी बारीक. दाब एकदा तयार झाला की तो टिकवायला एवढी आच पुरते. मोठ्या आचेवर जास्तीची वाफ शिट्टीवाटे उडून जाते, आणि तिच्यासोबत गॅसचे पैसेही. आपल्याकडे पदार्थ शिट्ट्यांच्या हिशेबात सांगतात, म्हणून आपण शिट्ट्या मोजत बसतो. मोजायची असतात मिनिटं. गॅस बंद केल्यावरही वाफ जिरेपर्यंत आतलं अन्न शिजतच राहतं. घाईने शिट्टी उचलून ती वाफ सोडू नका.

(दृश्य: बर्नर, जवळून)

ही ज्योत पिवळी दिसतेय. बर्नरच्या छिद्रांत उतू गेलेलं दूध अडकलंय. गॅस पुरता जळत नाही, पातेल्याचं बूड काळं होतं. गार बर्नर काढून टाचणीने छिद्रं मोकळी केली, घासून, पुसून, वाळवून परत बसवला. आता बघा, निळीशार.

चहाचं पातेलं लहान शेगडीवर. ज्योत बुडाबाहेर आली, तर तापते ती खोली. पाण्याला आधण येईपर्यंत झाकण. दूध फ्रिजमधून आधीच काढून ठेवलेलं.

काटकसर म्हटलं की पोटाला चिमटा आठवतो. इथे कुणाच्या ताटातला घास कमी झालेला नाही. आणि हे सगळं एकट्या काकूंच्या डोक्यावरही नको. बर्नर आज मुलाने साफ केलाय, तेच योग्य.

(दृश्य: भिंतीवरचं कालनिर्णय)

सिलिंडर लावल्याची तारीख इथे लिहिलेली असते. १४.२ किलोचा तोच सिलिंडर आता पूर्वीपेक्षा जास्त दिवस जातो. वाचलेले पैसे पोस्टाच्या आरडीत जातात, तिथे महिन्याला १०० रुपयांपासून खातं उघडता येतं.