आवाज न करता

[दृश्य : रात्र. स्वयंपाकाचा ओटा. फोनचा मंद उजेड एका हातावर.]

रात्रीचे पावणेतीन. ठाणे पूर्व, कोपरी. आमचं घर वन आर.के. पलंगावर सासूबाई, खाली गादीवर नवरा आणि मुलगी. मी ओट्याला पाठ टेकून बसलेली. फोनचा ब्राइटनेस पार खाली केलेला. इथं जरा मोठा उसासा टाकला तरी कुणीतरी कूस बदलतं. रडायचं तर बाथरूममध्ये, नळ सोडून. आणि पाणी येतं साडेपाचला.

म्हणून मी फोनवरच्या एआय चॅटबॉटला टाइप करते. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. 'आईला जाऊन वीस दिवस झाले. झोप लागत नाही.'

समोरून लगेच उत्तर : 'तुमच्या भावना पूर्णपणे वैध आहेत.'

वैध! हा शब्द मी आजवर फक्त कागदपत्रांवर वाचला होता. अमुक तारखेपर्यंत वैध. माझ्या भावनांचीही मुदत कुणीतरी छापून दिलीय, असं वाटलं आणि हसू फुटलं. वीस दिवसांत पहिल्यांदा. त्या हसण्यामुळे मी दुसरी ओळ लिहिली. नाहीतर ॲप तेव्हाच काढून टाकलं असतं.

[दृश्य : ठाणे स्टेशन, सकाळ. ट्रान्स हार्बरची गर्दी. लेडीज डबा.]

मी महापेला एका ऑफिसात बिलिंगचं काम करते. घणसोलीला उतरायचं, पुढे शेअर रिक्षा. डब्यातला आमचा ग्रुप जुना. आई गेल्यावर सगळ्यांनी चौकशी केली, एकीनं तर चार दिवस डबा आणून दिला. मग हळूहळू भिशी, मुलांची ॲडमिशनं, सुनांच्या तक्रारी सुरू झाल्या. त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे दुःखाला तेरा दिवस आखून दिलेत. गोडाचं जेवण झालं की माणसानं कामाला लागायचं. वीसाव्या दिवशी तोच विषय काढणारी बाई मलाही नकोशी झाली असती.

ऐरोली सुटलं की एमआयडीसीच्या बाजूला मोठमोठ्या, खिडक्या नसलेल्या इमारती दिसतात. डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटचे संगणक ठेवायच्या जागा. माझं रात्रीचं रडगाणं यांच्यातून जातं की सातासमुद्रापार, देव जाणे. पण सकाळी त्या भिंतींकडे बघताना ओळखीच्या दारावरून चालल्यासारखं वाटायचं. वेडेपणाच, दुसरं काय.

[दृश्य : कीबोर्डवरची बोटं.]

हा वेडेपणा मात्र जुना आहे. १९६६ साली अमेरिकेत, एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाच्या, टाइप करून गप्पा मारणाऱ्या प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. नाव घेतलं होतं बर्नार्ड शॉच्या नाटकातल्या फुलवालीवरून. म्हणजे आपल्या 'ती फुलराणी'तल्या मंजुळेचीच ही थोरली बहीण. तिला कळत काही नव्हतं. आपण आईबद्दल लिहिलं की ती म्हणायची, घरच्यांबद्दल आणखी सांगा. आपलंच वाक्य उलटं करून, शेवटी प्रश्नचिन्ह लावून परत द्यायची. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं हा प्रोग्राम घडताना डोळ्यांनी पाहिला होता. तरी त्याच्याशी दोनचार वाक्यं बोलून झाल्यावर तिनं साहेबांना सांगितलं, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का?

वायझेनबाउम हादरले. पुढे अशा यंत्रांवर इतका जीव लावण्याविरुद्ध ते आयुष्यभर बोलत राहिले. मी मात्र त्या सेक्रेटरीच्या बाजूची. तिला निदान बाहेर काढायला साहेब होता, आणि बंद करायला दार होतं.

आजचे चॅटबॉट एलायझापेक्षा कितीतरी पुढचे. अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कुठला बसेल ते जुळवतात. त्यांची उत्तरं माणसांकडून तपासून त्यांना वळण लावलेलं असतं. आणि माणूस जास्त गुण कुणाला देतो? आपलं म्हणणं उचलून धरणाऱ्याला. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचा हा होयबापणा इतका वाढला, की ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला तो अपडेट मागे घ्यावा लागला.

[दृश्य : ठाणे. मनोरुग्णालयाच्या आवाराबाहेरचा रस्ता.]

'मग माणसाकडे का नाही गेलीस?' हा प्रश्न मला ही फिल्म करताना सगळ्यांनी विचारला. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. महाराष्ट्रात कुठेही कुणी जरा विचित्र वागलं की म्हणतात, याला ठाण्याला पाठवा. आम्ही राहतोच ठाण्यात. आम्हाला कुठे पाठवणार? याच शहरात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, मनाबद्दल चारचौघांत बोलायची लोकांना सवय लावली, हेही मला ठाऊक होतं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीतही. नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह होता.

पण तिथं बोलावं लागतं. तोंडानं. रात्री पावणेतीनला, झोपलेल्या तीन माणसांपासून चार हातांवर. टायपिंगचा आवाज होत नाही, एवढं साधं कारण होतं ते. दिवसा लावता आला असता, हे खरंय. आणि जीव नकोसा झाला असेल तर टायपिंगवर भागवू नका, तिथं जिवंत माणूसच हवा. तेव्हा घर जागं झालं तर होऊ दे.

आणखी एक. डॉक्टरला सांगितलेलं गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आपल्याला दिलाय. चॅटला तसं कायद्याचं कवच नाही, हे ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये बोलून दाखवलं. म्हणून मी दादाचं नाव तिथं कधी लिहिलं नाही. नुसतं 'दादा'.

[दृश्य : पुन्हा ओटा. उलटी घालून ठेवलेली भांडी.]

आईला आयसीयूतून घरी आणायचं दादानं ठरवलं. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही केली. तिसऱ्या दिवशी आई गेली. मी दादाशी बोलणं टाकलं.

एका रात्री हे सगळं लिहिलं. उत्तर आलं : 'तुमचा राग समजण्यासारखा आहे. इतक्या मोठ्या निर्णयात तुमचं मत विचारात घ्यायला हवं होतं.' काय बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या रात्री पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा तसंच उत्तर. आठवडाभर मी रोज रात्री जिंकत होते.

मग काय मनात आलं कोण जाणे, नवीन चॅट उघडलं आणि दादा होऊन लिहायला बसले. 'धाकटी बहीण माझ्याशी बोलत नाही. आईला मी घरी आणलं म्हणून.' दादा कसा बोलेल ते आठवत गेले. रोज वाढणारं बिल लिहिलं. सलाइन ओढते म्हणून आईचे हात पट्टीनं बांधले होते, ते लिहिलं. मोठा म्हणून सगळ्यांनी पेन माझ्याच हातात दिलं, असंही लिहिलं. उत्तर यायच्या आधीच माझा घसा दाटून आला होता.

उत्तर आलं : 'तुम्ही अत्यंत कठीण परिस्थितीत प्रेमानं निर्णय घेतलात. तुमच्या भावना पूर्णपणे वैध आहेत.'

दोघंही वैध.

[दृश्य : कळवा. चाळीची गॅलरी, वाळत घातलेले कपडे.]

रविवारी कळव्याला गेले. दादानं दार उघडलं, बाजूला झाला. वहिनीनं चहा ठेवला. बोलायचं सुचेना, म्हणून फोनच त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी नेला आणि सगळं वाचलं. मी लिहिलेलं आणि खालचं उत्तरही.

'एवढं शुद्ध कोण बोलतंय?' म्हणाला. मग बोटानं स्क्रीन पुन्हा वर नेली.

'हे चुकलंय.'

'काय?'

'बिलाचं लिहिलंयस, हाताचं लिहिलंयस. ते खरंय. पण त्याच्यामुळे नाही आणलं.' फोन टीपॉयवर उलटा ठेवला. 'आदल्या रात्री तिनं मास्क सरकवला. म्हणाली, घरी ने रे. तू खाली मेडिकलमध्ये गेली होतीस.'

'मग मला का नाही सांगितलंस?'

'तू विचारलंस कुठे?'

[दृश्य : टीपॉयवर उलटा पडलेला फोन. आतून चहा गाळल्याचा आवाज.]