मेंदूवर उमटलेला मराठवाडा

(दृश्य: धारूरच्या घाटातून जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली. भांडी, धान्याची पोती, शेळी, पोरं.)

दिवाळी सरली की ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, केव्हाच घेतलेली असते, बहुतेक वेळा खर्चूनही झालेली असते. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर जमवणाऱ्या मुकादमाचा फोन आला की कारखान्याची वाट धरायची. मागं राहतात ती म्हातारी माणसं.

या माणसांच्या डोक्यावरचा बोजा कॅमेऱ्यानं खूपदा टिपलाय. आज डोक्याच्या आत बघू.

माणसाचा मेंदू भरतो दीड किलोच्याही आत. शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा भाग, पण निवांत बसलेल्या माणसाची पाचवा हिस्सा ऊर्जा तो एकटा खातो. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांच्यातले जोड आयुष्यभर बदलत राहतात. काय शिकलो, काय सोसलं, किती झोपलो, कोणता आजार अंगावर काढला, सगळ्याची तिथं नोंद होते.

पैशाच्या काळजीचीसुद्धा. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा अभ्यास छापून आला. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली होती. एकदा तोडणीच्या आधी, हात रिकामा असताना. दुसऱ्यांदा उसाचे पैसे हाती आल्यावर. आधीचे गुण कमी भरले. माणूस तोच, डोकं तेच. विवंचना मेंदूतली जागा अडवून बसते, असा अर्थ संशोधकांनी लावला. हा अभ्यास ऊस पिकवणाऱ्यांचा आहे, तोडणाऱ्यांचा नाही. पण उचलीच्या हिशेबात कुणी गोंधळला की "अडाणीच आहे" म्हणून मोकळं होणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

(दृश्य: रात्रीचा उसाचा फड. ट्रकच्या उजेडात मोळ्या चढतायत.)

गाडी रात्री कितीही वाजता येवो, भरायला उठावंच लागतं. दिवसभरात शिकलेलं, पाहिलेलं मेंदू पक्कं करतो ते मुख्यतः झोपेत. त्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, शाळा बुडालेलं पोर झोपलेलं असतं, तेही या आवाजात.

(दृश्य: किल्लारी. जुन्या गावठाणातले दगडमातीचे ढिगारे.)

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. माळवदाची घरं, जाड दगडी भिंती, वर मातीचं ओझं. सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

वाचलेल्यांच्या मेंदूत काय झालं असेल? कानशिलामागं, आत खोलवर, बदामाएवढा एक भाग असतो: अमिग्डाला. धोक्याची पहिली वर्दी तो देतो. विचार करणारा मेंदू जागा होईपर्यंत छाती धडधडायला लागलेली असते, पाय दाराकडं वळलेले असतात. जबर धक्क्यानंतर काही जणांचा हा पहारेकरी शांतच होत नाही. बारीकसा आवाजही त्याला पुरतो. लातूर जिल्ह्यात अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतात आणि गावंच्या गावं घराबाहेर येऊन बसतात. त्यांना भित्रं म्हणू नये. त्यांचा मेंदू एकदा शिकलेला धडा विसरायला तयार नाही, इतकंच. त्यावर उपचार आहेत, बोलण्याचे आणि गोळ्यांचेही. पण भूकंपाच्या पंचनाम्यात पडक्या भिंती मोजतात, उडालेली झोप कोण मोजणार?

शिकण्याची दुसरी, सुखाची बाजूही आहे. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर, तिशीतल्या बायकांना संशोधकांनी सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं. २०१७ साली निष्कर्ष आले: मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे, खोलवरच्या जुन्या भागांतही बदल झाले होते. म्हणजे तिशीत पाटी हातात घेणाऱ्या बाईचं डोकं अजून ओलंच असतं. आणि पाटी नव्हती तेव्हाही ते रिकामं नव्हतं. जनाबाईच्या गंगाखेडपासून पैठणपर्यंत बायकांनी जात्यावर शेकडो ओव्या पाठ ठेवल्या, नव्या रचल्या.

आता मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांकडं येऊ. आजी तेच तेच विचारते, चूल पेटवून विसरते. घरचे म्हणतात, "वय झालंय, चालायचंच." पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली मांडलं की टाळता येण्याजोगी चौदा कारणं हाताळली, तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल. त्यात बीपी आहे, शुगर आहे, कमी शिक्षण आहे, तंबाखूचं धुम्रपान आहे. बहिरेपण आहे, एकटेपणही आहे. ही शेवटची दोन एकमेकांना धरूनच येतात: ऐकू येईना की माणूस पारावर जायचं सोडतो.

बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद केली, की एखाद्या सकाळी तोंड वाकडं होतं, उजवा हात उचलत नाही. अंगावरून वारं गेलं, म्हणतात. मग तेल चोळतात, अंगारा लावतात. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून पक्षाघाताचा मोठा झटका आला असेल, तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. किनवटच्या माणसाला नांदेड शंभर किलोमीटरहून लांब आहे. अंगाऱ्यात गेलेला तासही या साडेचार तासांतूनच वजा होतो.

(दृश्य: देवळातलं भजन. टाळ, पखवाज.)

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला बसला तर बऱ्याचदा वाचाही जाते. बोलण्याचं एक केंद्र तिथं आहे, हे पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ साली दाखवून दिलं. गंमत अशी, की 'पाणी' म्हणता न येणारा माणूस कधी कधी हरिपाठ मात्र सुरात म्हणतो. गाण्याला मेंदूची उजवी बाजूही हात देते. याच आधारावर १९७० च्या दशकात अमेरिकेत एक उपचारपद्धत तयार झाली. सगळ्यांनाच गुण येत नाही, पण रीत साधी आहे. रुग्णाच्या डाव्या हातानं ठेका धरायचा, रोजच्या गरजेचे दोन शब्द चालीत म्हणायचे, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे. जमायला लागलं की चाल हळूहळू कमी करत न्यायची आणि नुसतं "पाणी दे" उरेपर्यंत रोज बसायचं.